हिरवी लड

पावसानं त्या वर्षी जायचं नावच घेतलं नाही. मेलेल्यांचा सण झाला, दारावरच्या झेंडूच्या माळा कुजून गळाल्या, तरी रोज दुपारी डोंगरावरून ढग उतरायचे आणि अंगणाचा राडा करून जायचे. एरवी एवढ्यात आमच्या गावचे रंगारी समुद्रावर एक फेरी मारून आलेले असतात आणि जांभळे हात मिरवत चौकात बसलेले असतात. या वर्षी सगळ्यांचे हात कोरे होते.

आणि आमच्या घरात लग्न उभं राहिलेलं. माझा धाकटा दीर अबुंदियो याचं, सेनाइदाशी. आमच्याकडे नवरीचा पोसावांको सासरच्यांनी द्यायचा. आडव्या पट्ट्यांचं, कमरेला गुंडाळायचं जाड लुगडं ते. लाल पट्टा निवडुंगावरच्या किड्यांचा, निळा पट्टा निळीचा, आणि जांभळा समुद्रातल्या गोगलगाईच्या दुधाचा. लाल आणि निळं सूत घरात तयार होतं. माझी सासू, माय हासिंता, कमरेचा माग खांबाला बांधून बसली होती. जांभळ्याचा पत्ता नव्हता.

बाजारात जांभळं सूत मिळतं, पुडीच्या रंगातलं, हवं तेवढं. पण नवरीची आजी दोन्या पेत्रोनिला लुगडं डोळ्यांनी बघत नाही, नाकानं बघते. खऱ्या जांभळ्याला समुद्राचा वास असतो, आणि तो कितीही धुतलं तरी जात नाही. मागं एकदा थोरल्या नातीच्या वेळी तिनं लुगडं हुंगून परत पाठवलं होतं, आणि लुगड्यामागोमाग नवऱ्यालाही.

माझा सासरा, ताता फिदेन्सियो, गावातला सगळ्यात जुना रंगारी. पण ओल्या पायरीवरून घसरून त्याचा गुडघा फुटला होता, आणि तो पडवीतल्या जाळीच्या झोळीत पडून आल्यागेल्यावर खेकसत होता. राहिला माझा नवरा सेलेरिनो. पण खडकावर एकट्यानं जात नाहीत. एकानं वाकून गोगलगाई सोडवायच्या, दुसऱ्यानं लाटेवर डोळा ठेवायचा. बाकीचे रंगारी पाऊस सरायची वाट बघत होते. त्यांच्या घरी काही लग्न नव्हतं.

"मी येते की," मी म्हणाले.

तातानं पाय टेकून झोळी थांबवली. "काय म्हनली ही?"

"लाटंवर डोळा ठेवायला मिशी लागती व्हय?"

"बाई खडकावर चढली की गोगलगाय दूध आखडती. माझ्या बापानं सांगितलंय. त्येच्या बापानं त्येला सांगितलंय."

"पायरी बघून उतर म्हनून बी सांगितलं आसंल की."

सेलेरिनो खाकरला. हसू लपवायचं असलं की तो खाकरतो.

"अबुंदियोला न्ये," ताता त्याच्यावर ओरडला. "ह्या चुरूचुरू जिभंला घरात ठिव."

"त्येचं लगीन ठरलंय," माय मागावरून म्हणाली. तिनं मान वर केली नव्हती. "लगीन ठरलेल्याचं अंग तापल्यालं असतं, त्येनं गोगलगाईला हात लावू न्हाई. ह्ये बी तुमच्या बापानंच सांगितलंय."

बापाच्या दोन सांगण्यांत ताता असा अडकलेला मी पहिल्यांदाच बघितला. मायनं फडताळातून पांढऱ्या सुताच्या तीन लडी काढल्या. उन्हाळाभर चातीवर कातलेलं सूत होतं ते, तिच्या अंगठ्याला त्याचा घट्टा पडला होता. तिनं लडी सेलेरिनोच्या हातात दिल्या नाहीत, माझ्या हातात दिल्या.

"कोरं परत आनू नगंस," एवढंच म्हणाली.

"आनि बिघडलं," ताता झोळीतून म्हणाला, "तर त्ये कुनामुळं, ह्ये आत्ताच बोलून ठिवतो. पेत्रोनिलाच्या दारात तुला हुबं करनार."

*

बसनं खाली उतरलो, तिथून वाळूतून पायी. किनाऱ्यावर कोळ्यांचा एक झावळ्यांचा मांडव असतो, त्यात मुक्काम. गोगलगाईला हात लावायच्या आधी रंगाऱ्यानं बायकोपासून लांब झोपायचं असतं. सेलेरिनो मांडवाच्या त्या टोकाला झोपला, मी या टोकाला, आणि मधे खेकडे. सकाळी त्याला विचारलं, "झोप लागली का?" तर म्हणाला, "एक खेकडा तुझ्यावानी घोरत व्हता."

ओहोटी त्या दिवसांत संध्याकाळकडे होती. आभाळ खाली आलेलं, समुद्र शिशासारखा, आणि खडक काळे, निसरडे. सेलेरिनोनं लड खाऱ्या पाण्यात बुडवली, पिळली आणि डाव्या हातावर गुंडाळली. उजव्या हातात टोकदार काठी.

"समुद्राकडं पाठ करायची न्हाई," तो म्हणाला. "मी वाकलो की तू बघ. लाट उठली की आरड."

"घरी आरडते तसं?"

"निम्मं बी पुरंल."

त्यानं फटीतून पहिली गोगलगाय सोडवली, पालथी केली आणि तिच्यावर फुंकर मारली. आधी ती मुतली. ते पाणी त्यानं झटकून टाकलं. मग दूध आलं, फेसाळ, पांढरं. ते त्यानं लडीवर टेकवलं आणि गोगलगाय होती तिथं, ओल्या सावलीच्या फटीत, परत बसवली. तिनं खडक धरेपर्यंत त्यानं बोट काढलं नाही. मारायची नाही, लहान घ्यायची नाही, आणि आज जिचं घेतलं तिला महिनाभर हात लावायचा नाही. मारणारे लोकही येतात बाहेरून, पोती भरून नेतात. म्हणून आता दहा फटी चाचपाव्या तेव्हा एक सापडते.

माझा डोळा लाटेवर असायला हवा होता, पण तो लडीकडे पळत होता. पांढरं दूध बघता बघता पिवळसर झालं, मग कच्च्या कैरीसारखं हिरवं. मला राहवलं नाही. "अय्या, बदललं!"

"आजून कुठं," सेलेरिनो म्हणाला. "ऊन आसतं तर आत्ता हातावर जांभळं झालं आसतं. तू लाट बघ."

मी वर बघितलं आणि ओरडले. कोळ्यांनीसुद्धा मांडवातून मान काढली म्हणे. लाट भिंतीसारखी आली. सेलेरिनोनं खडकाला मिठी मारली. त्याच्या हातावरची लड सुटून पाण्यावर गेली, आणि मी काही विचार न करता पोटावर पडले आणि ती दातांत धरली. लाट अंगावरून गेली. नाकातोंडात मीठ, गुडघे सोललेले, पण लड दातांत होती.

"रुफिना! लागलं का?"

मला बोलता येईना. गोगलगाईचं दूध तिखट, कडू, आणि जीभ पार बधिर करून टाकतं. मी नुसतीच ब-ब करत राहिले. सेलेरिनोनं मला उचललं, खालून वर बघितलं, सगळं जागेवर आहे याची खात्री केली आणि म्हणाला, "बरं झालं. तातासाठी थोडं दूध घरी न्यायला पायजे."

मग मी नुसती लाट बघत उभी राहिले नाही. उजेड कमी होत होता, दोन लडी अजून पांढऱ्या होत्या, एका माणसाच्या हातानं ते होणं नव्हतं. मी काठी उचलली. आम्ही आळीपाळीनं वाकलो, आळीपाळीनं समुद्र बघितला. माझी पहिली गोगलगाय मुठीएवढी होती. फुंकर मारली, ती माझ्या मनगटावर मुतली, आणि मग इतकं दूध दिलं की बोटांवरून ओघळलं. आखडणं राहिलं बाजूलाच! मी खडकावर उभी राहून हसत होते, भिजलेली, तोंड बधिर, आणि एवढ्या खुशीत मी माझ्या स्वतःच्या लग्नातसुद्धा नव्हते. हे मी सेलेरिनोला सांगितलं. तो खाकरला.

तिसरी लड भरत आली आणि पावसाचे थेंब पडायला लागले. नेहमी लडी उन्हात खडकावर पसरतात. पण गोड्या पाण्यानं ओलं दूध धुऊन जाईल, म्हणून सेलेरिनोनं घाईनं तिन्ही लडी काळ्या प्लास्टिकमध्ये गुंडाळल्या, करकचून बांधल्या आणि टोपलीच्या तळाशी घातल्या.

"ऊन न्हाई लागलं ह्यांना," मी म्हणाले.

"आत पिकतील. केळी पिकतात तशी."

त्याचं चुकलं, पण चुकायचं कारणही होतं. त्यानं आयुष्यभर लडी भर उन्हातच रंगवल्या होत्या. उन्हामुळं पिकतात का वेळामुळं, हा प्रश्नच कधी त्याच्यापुढं आला नव्हता.

नदीला पूर आला, बस बंद. आम्ही मांडवात मक्याच्या कडक भाकऱ्या, तोर्तिया, पावसात भिजवून खात बसलो. अशाच एका राखाडी सकाळी मी बोटं बघितली. नखं जांभळी! तळहाताच्या रेषा जांभळ्या! मी सेलेरिनोला हलवून उठवलं. त्याचीही बोटं तशीच.

"बघ," तो म्हणाला, "लडी बी झाल्या असतील."

*

पूर उतरल्यावर घरी पोचलो तेव्हा दिवस मावळला होता. मायनं चुलीजवळ गाठ सोडली. आधी वास आला, लसूण आणि कुजकी मासळी एकत्र वाटावी तसा. मग लडी बाहेर आल्या. हिरव्या. डबक्यावरच्या शेवाळासारख्या हिरव्या, तिन्ही.

अबुंदियो भिंतीला टेकून खाली बसला. मायनं एक लड उलटीसुलटी केली, चुलीच्या उजेडात धरली, आणि आढ्याला टांगली. दुसरीही टांगली, तिसरीही. सकाळपर्यंत काही होईल अशी आशा तिला असावी. सकाळी लडी कडक वाळलेल्या होत्या, आणि आतल्या अंधारात तशाच हिरव्या.

"मेलं," ताता म्हणाला. "हिरवं वाळलं की मेलं. मी बोललो व्हतो."

"ताता, मीच गुंडाळलं त्ये..." सेलेरिनो सुरू झाला.

"तू गप. तू जल्मभर लडी आनतोयस. हिरवं कधी ऱ्हायलं? बाई खडकावर गेली तवाच ऱ्हायलं."

मला रडू आलं. रागाचं. समुद्रात दातांनी धरून आणलेली लड होती ती, आणि आता गाव मला तिच्याच नावानं ओळखणार. तोवर बातमी पोचली होती. आमच्या गावात बातमी पायी जात नाही, उडत जाते. दोन्या पेत्रोनिला काठी टेकत अंगणात आली, मागं सेनाइदा मान खाली घालून. रात्री पाऊस थांबला होता आणि कित्येक दिवसांनी आभाळ धुतल्यासारखं निळं होतं, पण ते बघायला कोणाचं मन होतं!

"आना हिकडं," म्हातारी पडवीत बसून म्हणाली.

मायनं लड आणून दिली. म्हातारीनं डोळे मिटले आणि हुंगली. एकदा, दोनदा. मग डोळे उघडले आणि तिच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"वास खरा हाय," ती म्हणाली. "रंग खोटा हाय. आसं मी कधी बघितलं न्हाई. पन हिरव्या पट्ट्याचं लुगडं माझी नात न्हाई नेसायची. लोक म्हनतील, कच्चीच आनली."

"सुनंनं नासवलं," ताता म्हणाला.

आणि त्या 'नासवलं'वर माझं डोकं फिरलं. मी हात पुढं केले, दोन्ही, म्हातारीच्या नाकापुढं.

"ह्ये काय हाय? ह्ये कुठल्या रंगाचं हाय?"

"जांभळं," म्हातारी म्हणाली.

"दूध त्येच. त्याच गोगलगाईचं. बोटावर पडलं त्ये जांभळं झालं, सुतावर पडलं त्ये हिरवं ऱ्हायलं. बाईचं वंगाळ आसतं तर आधी माझी बोटं हिरवी झाली आसती, का न्हाई? सेलेरिनो, हात दाखव. बघा! बोटं आमची उजेडात व्हती. सूत काळ्या पिशवीत व्हतं. दुसरा फरक काय हाय, ताता? सांगा की!"

"मेलेलं..."

"मेलं का न्हाई, कुनी बघितलंय? वाळलेलं हिरवं तुमी कधी परत भिजवून उनात ठिवलंय?"

"मेलेल्याला कोन न्हाऊ घालतं?"

"सगळेच घालतात!" मी म्हणाले, आणि लड म्हातारीच्या मांडीवरून ओढून घेतली.

अंगणात धुण्याची उथळ परात होती, पाण्यानं भरलेली. मायनं मूठभर मीठ आणून त्यात टाकलं. "समुद्र हाय आसं वाटू दे बापड्याला," ती पुटपुटली. मी लड बुडवली, बोटांनी मोकळी केली आणि पाण्यात पसरून ठेवली. ऊन परातीत सरळ पडत होतं.

काही झालं नाही. ताता झोळीतून म्हणाला, "हं." सेनाइदा ओठ चावत होती. मी पाण्यातून हात काढला नाही.

मग वास उठला. नुसता वास नव्हे, भपका, कोणी लसणाची अख्खी टोपली ठेचावी तसा. आणि पाण्याबाहेर डोकावणाऱ्या एका धाग्याच्या कडेला निळसर काही आलं. मला वाटलं, आभाळच दिसतंय पाण्यात. पण ते सरकलं. ते धाग्यावरून आत गेलं, निळ्याचं जांभळं झालं, बाजूच्या धाग्याला लागलं.

"माय," मी म्हणाले. "माय, हिकडं ये!"

माय वाकली. परातीवर तिचा पंजा आडवा आला, आणि पंजाच्या सावलीत हिरवं तसंच थांबलं. आजूबाजूचं पळत होतं, तेवढं थांबलं, चार बोटं आणि अंगठा स्पष्ट. तिनं हात मागं घेतला. हिरवा पंजा तिच्या डोळ्यांदेखत जांभळा होत गेला.

माय ओरडली. पस्तिशीच्या लेकाची आई असलेली बाई, जिचा आवाज शेजारी कधी गेला नाही, ती अशी ओरडली की कुंपणावरून बायका धावल्या. "या गं! बघा गं! येतंय! रंग येतोय!" कोणी हातातलं मक्याचं पीठ तसंच घेऊन आली, कोणी अर्धी वेणी धरून. परातीभोवती ही गर्दी.

"सावली काढा!" मागून गर्जना झाली. ताता झोळीतून उतरला होता आणि मोडका गुडघा ओढत येत होता. "डोकी काढा मधनं! पेत्रोनिला, तुझं बी काढ! उलटी कर, रुफिना, खालची बाजू हिरवी हाय! बुडव, वाळू दिऊ नको! आरं उलटी कर म्हनतो ना!"

"मेलेली हाय ना, ताता?"

"वाद घालू नको, उलटी कर!"

मी उलटी केली. खालचं हिरवंही पळालं. दुसरी लड सेलेरिनोनं आणली, तिसरी अबुंदियो आणत होता. त्याला सगळ्या बायका एकदम ओरडल्या, "तू हात लावू नको!" त्यानं ती सेनाइदाकडं फेकली, आणि सेनाइदानं, लाजायचं विसरून, बाह्या वर करून ती परातीत बुडवली. पाणी शेवटपर्यंत स्वच्छच होतं. सगळा रंग सुताला धरून होता.

दोन्या पेत्रोनिलानं ओली लड हातात घेतली. या खेपेला तिनं हुंगली नाही. नुसती उन्हात धरून बसली, कोपरावरून पाणी गळत होतं तरी. "माझ्या आईचा पोसावांको," ती म्हणाली, "माझा, माझ्या लेकीचा. सगळा जलम ह्ये कमरेला गुंडाळलं, आनि ह्ये आसं येतं ह्ये मला आज कळतंय." मग सेनाइदाकडं वळून, "पोरी, लगीन लाव गं ह्या घरात."

बायका हसल्या, रडल्या, दोन्ही. मी जमिनीवर बसूनच राहिले. ताता माझ्याजवळ उभा होता, खांबाला धरून. त्यानं माझ्या डोक्यावर हात ठेवला, जड, सगळा भार टाकून. गुडघ्यामुळं असेल. मी हलले नाही.

माय मात्र हसत नव्हती. ती परातीशीच बसली होती, आणि तातावर रोखून बघत होती.

"तुमी ह्ये दर फेरीला बघता?"

"म्हंजे काय," ताता म्हणाला. "दर लडीला."

"पन्नास वरसं मी जांभळं विनतीया. तुमी घरी आनता तवा त्ये झाल्यालंच आसतं. मला वाटायचं, दूधच जांभळं आसंल. एकदा बी सांगितलं न्हाई."

"तू कधी इचारलं न्हाईस."

"काय इचारायचं ह्ये तरी कुठं ठावं व्हतं!"

ताताच्या बापानं याचं उत्तर त्याला काही सांगून ठेवलं नसावं. तो सेलेरिनोकडं वळून म्हणाला, "पुढल्या चंद्राला समुद्रावर जाशील तवा हिला बी न्ये. दोघींना न्ये."

मायनं लड पिळली, खांद्यावर टाकली आणि मागाकडं निघाली. जाता जाता म्हणाली, "त्येला कशाला तरास? वाट रुफिनाला ठावी हाय."